कोकणातल्या घराचा नियम कोकणातल्या हवेत लिहा: राज्य शासनास खुले पत्र

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, मा. ग्रामविकासमंत्री आणि मा. नगरविकासमंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: कोकण किनारपट्टीवरील घरांसाठी ऊर्जा-कार्यक्षम बांधकामाचे नियम आणि घरकुलाच्या छपराबाबत

सप्रेम नमस्कार,

मी राजापूर तालुक्यात घरांचे नकाशे काढतो आणि अंदाजपत्रकं करतो. सिव्हिलचा डिप्लोमा करून गावी परतलो, त्याला तीस वर्षं होत आली. वडील कौलारू घरांचे सुतार होते. त्यांनी उभी केलेली कितीतरी घरं मी उतरवली आणि त्या जागी स्लॅबची घरं बांधली. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे मागणार आहे ते याच कामाच्या अनुभवातून मागतो आहे.

2009 साली आमचं स्वतःचं घरही उतरवलं. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, पुढे पडवी, मग ओटी, आत माजघर आणि त्यावर लाकडी माळा. कौलं चाळायला माणूस मिळेनासा झाला होता. वानरं एका दुपारी अख्खं पाखं विस्कटून जायची. मुंबईच्या भावाला गणपतीत येऊन राहायला संडास-बाथरूम आत असलेलं घर हवं होतं. ही सगळी कारणं खरी होती आणि आजही खरी आहेत. नवीन घर झालं, वर सपाट स्लॅब पडला, गावात कौतुक झालं. आई मात्र पहिल्याच वैशाखात म्हणाली, "डोक्यावर चूल पेटवून ठेवलीस काय रे?"

आज ती ऐंशीच्या घरात आहे. एप्रिल लागला की संध्याकाळी काठी टेकत खालच्या मांगरात, म्हणजे पेंढा ठेवायच्या खोपटात, जाते आणि तिथे पेंढ्याच्या भाऱ्यांशेजारी, कौलांखाली अंथरूण घालते. तिथे पंखा नाही, दार नीट लागत नाही, फुरश्याची भीती आहे. तरी तिला झोप तिथेच लागते. याच महिन्यात एका रात्री साडेअकराला मी टेबलावर चढून आमच्या स्लॅबला खालून तळहात लावला. सूर्य मावळून साडेचार तास झाले होते. बाहेर पडवीच्या पायरीवर वारा लागत होता, आणि छत मात्र भाकऱ्या झाल्यावर चुलीमागची भिंत असते तसं होतं. खाली पंखा फिरत होता, तो ही ऊब ढवळून आमच्या अंगावर टाकत होता.

हे काही गूढ नाही. काँक्रीट दिवसभर ऊन पीत राहतं आणि रात्री ते आत सोडतं. कौल पातळ असतं, सूर्य कलला की थोड्या वेळात निवतं. कौलाकौलांमधल्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. खाली माळा असला तर कौलाची धग माजघरापर्यंत पोचतच नाही. विदर्भात, मराठवाड्यात जाड भिंती आणि धाब्याची घरं का चालतात, हेही कळण्यासारखं आहे. तिथे रात्र कोरडी आणि गार असते, दारं उघडली की साठलेली उष्णता निघून जाते. आमच्याकडे रात्रही दमट. घाम वाळत नाही. रत्नागिरीच्या तापमानाचा आकडा नागपूरच्या मानाने लहान दिसतो म्हणून आमची उष्णता कुणाच्या हिशेबात येत नाही. हवामान खात्याच्या निकषात किनारपट्टीवर उष्णतेची लाट धरायला तापमान 37 अंशांवर जावं लागतं आणि ते सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी जास्त असावं लागतं. 34 अंशांत, दमट हवेत, तापलेल्या स्लॅबखाली काढलेली रात्र कुठल्याच तक्त्यात बसत नाही. एप्रिल 2023 मध्ये खारघरच्या मैदानात उष्माघाताने माणसं गेली, तेव्हा किनाऱ्यावरचं ऊनही जीव घेतं हे काही दिवस सगळ्यांच्या लक्षात राहिलं. ते उघड्यावर घडलं म्हणून दिसलं. घरातल्या घरात म्हातारी माणसं, तान्ही बाळं, बाळंतिणी जे सोसतात त्याची नोंद कुठेही होत नाही.

पत्र लिहायला बसलो ते मात्र दुसऱ्याच गोष्टीमुळे.

आमच्या वाडीतल्या एका वहिनींना यंदा प्रधानमंत्री आवास योजनेतून घरकुल मंजूर झालं. यजमान नाहीत, मुलगी नर्सिंगला शिकते. जुन्या घराची मागची भिंत पावसात बसली होती. ते उतरवताना त्यांनी एकेक कौल हाताने खाली घेतलं, घासलं आणि फणसाच्या झाडाखाली रचून ठेवलं. साधारण सातशे कौलं आहेत, निम्म्याहून जास्त माझ्या वडिलांच्या हातची चढवलेली. चिऱ्याच्या भिंती आणि त्यावर हीच कौलं, असा नकाशा मी त्यांना काढून दिला. 25 चौरस मीटरच्या घराला ते साहित्य पुरून उरत होतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी सांगितलं, "स्लॅब झेपत नसेल तर पत्रा टाका. कौलं नकोत. पुढच्या हप्त्याला फोटोत प्रश्न येतो." वहिनींनी सिमेंटचे पत्रे आणले. त्या खोलीत दुपारी बारानंतर कुणी बसू शकत नाही. मी साहेबांना दोष देत नाही, त्यांनाही वरून जे कळलं तेच ते बोलले असणार. दोष वरच्या न कळवण्याचा आहे, म्हणून हे पत्र वर पाठवतो आहे.

तुमच्याच योजनेच्या सूचना स्थानिक साहित्य आणि स्थानिक हवामानाला साजेसे नमुने वापरा असं सांगतात. यंत्रावर बनलेलं मंगळुरी कौल सरकारी वर्गवारीतही पक्क्या छपरातच मोडतं. म्हणजे वहिनींची कौलं नियमाने पक्की होती. ती नाकारली गेली, कारण कार्यालयातून वाडीपर्यंत येताना 'पक्कं' या शब्दाचा अर्थ 'स्लॅब किंवा पत्रा' एवढाच उरला. आणि मुळातच ही वर्गवारी बघा. जनगणनेत लोखंडी पत्रा पक्का, सिमेंटचा पत्राही पक्का. माणसाला त्याखाली बसता येतं की नाही, हा प्रश्न 'पक्कं' ठरवताना कुणी विचारलेलाच नाही. ही माझी पहिली तक्रार, आणि मला सगळ्यात जास्त लागलेली.

दुसरी तक्रार अशी की नियम आहेत, पण ज्या घरांत माणसं राहतात ती घरंच नियमाच्या बाहेर आहेत. डिसेंबर 2018 मध्ये केंद्राने निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' आणली. मी ती नीट वाचली आणि मला ती आवडली. तिच्यात देशाचे हवामान-विभाग धरले आहेत आणि आपला किनारा 'उष्ण-दमट' मध्ये येतो. छतातून प्रत्येक चौरस मीटरमागे, आतबाहेरच्या प्रत्येक अंश फरकाला 1.2 वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येता कामा नये, असं ती सांगते. उघड्या आरसीसी स्लॅबमधून याच्या जवळपास तिप्पट येते. म्हणजे मी आजवर घातलेला एकही स्लॅब या कसोटीला उतरला नसता. खिडक्यांबद्दल तर ती आमच्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. कोरड्या उष्ण प्रदेशात उघडणाऱ्या दारं-खिडक्यांचं क्षेत्र जमिनीच्या 10 टक्के पुरतं, उष्ण-दमट भागात ते 16.66 टक्के हवं, म्हणजे सहावा हिस्सा.

हा सहावा हिस्सा घरकुलाला लावून बघा. 25 चौरस मीटर म्हणजे साधारण 270 चौरस फूट, त्याचा सहावा हिस्सा 45 चौरस फूट. बाहेर उघडणारं तीन बाय सातचं एक दार 21 फूट, तीन बाय चारच्या दोन खिडक्या 24 फूट. बेरीज बरोबर 45. इतकं साधं आहे! पण हल्ली सगळीकडे ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसतात. त्या कशाही सरकवा, निम्म्याच उघडतात. मग दोनाच्या चार खिडक्या लागतात, किंवा जुन्यासारख्या दोन दारांच्या, बाहेर उघडणाऱ्या खिडक्या लावाव्या लागतात. त्यांना वर छज्जा हवा, नाहीतर आमच्याकडचा तीन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस थेट आत येतो आणि माणूस जूनपासून खिडकी लावूनच टाकतो. एका खिडकीच्या मागे एवढं सगळं असतं, आणि ते नकाशा मंजूर करताना कुणी बघत नाही. बघतात ते समास, म्हणजे घराभोवती सोडायची जागा, आणि चटईक्षेत्र, म्हणजे किती बांधकाम करता येतं ते.

पण ही संहिता 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या इमारतींसाठी आणली होती. म्हणजे जवळपास पाच गुंठे. राजापूर, लांजा, देवगड, मालवणच्या शहरहद्दीतली दोन-तीन गुंठ्यांची घरं त्यातून सुटली. खेड्यात जागा मोठी असली तरी तिथे संहिता मागणारं कुणी नाही. 2022 साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन निवासी इमारतीही त्यात आल्या, पण तिथे किमान मर्यादा ठेवली 100 किलोवॅट वीज जोडभाराची किंवा 120 केव्हीए वीजमागणीची. आमच्या घराचा मंजूर भार एक ते तीन किलोवॅट. तीन किलोवॅटची तेहतीस घरं एकत्र केली तरी शंभर भरत नाहीत. अख्खी वाडी मिळून एक इमारत समजली तरी ती कायद्याच्या नजरेत येत नाही. राज्याला ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार त्याच कायद्याने दिला आहे. शिवाय कलम 15 प्रमाणे स्थानिक हवामानाला जुळेल अशी दुरुस्ती संहितेत करण्याचा अधिकारही राज्याला आहे. तो कोकणासाठी वापरलेला मी तरी आजवर माझ्या टेबलावर आलेल्या एकाही कागदात पाहिला नाही.

तिसरी तक्रार पैशाच्या दिशेबद्दल. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या सौर संचाला 78 हजार रुपये अनुदान मिळतं. चांगलं आहे, मी स्वतः लोकांना अर्ज भरून देतो. पण त्याच घराच्या स्लॅबवर सावलीचं छप्पर घालायला, किंवा वर उष्णतारोधक थर टाकायला मात्र एक रुपयाही मिळत नाही. वीज तयार करायला पैसे आहेत, वीज लागूच नये यासाठी नाहीत. आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर ढगांत जातात हे तुम्हाला सांगायला नको. इकडे घरकुलाची केंद्राच्या योजनेतली मूळ रक्कम सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगरी भागात 1 लाख 30 हजार. त्यात वाळू-सिमेंट डोंगरातल्या वाडीपर्यंत वाहून न्यायचं. या पैशात माणूस भिंती उभ्या करतो आणि छपरापाशी आला की जे स्वस्त ते टाकतो. मग पाच वर्षांनी कर्ज काढून एसी लावतो. रात्रभर एक टनाचा एसी चालला की महिन्याला शंभरावर युनिटं सहज वाढतात, आणि 100 युनिटांची पायरी ओलांडली की महावितरणचा दरही चढतो. घर बांधताना वाचवलेले पैसे तो बिलातून वर्षानुवर्षं फेडत राहतो.

आणि वीज नसेल तेव्हा? 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं. दापोली, मंडणगड, श्रीवर्धनच्या कितीतरी गावांत पुढे आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेव्हा मी दुरुस्तीच्या कामाला दापोली तालुक्यात गेलो होतो. ज्या घरांत वीज असेल तरच राहता येतं, त्या घरांतली माणसं बाहेर मांडव घालून झोपत होती.

याच वादळाचं नाव घेऊन मला सगळे उलट प्रश्न विचारतात, आणि तो टाळून चालणार नाही. लोक म्हणतात, कौलं उडाली, पत्रे उडाले, स्लॅब टिकला. खरं आहे. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा आमच्याही वाडीतली कौलं गेली. ज्याचं छप्पर डोळ्यांदेखत उडालं त्याला कौल सुचवताना माझीही जीभ अडखळते. पण मी ती छपरं जवळून पाहिली आहेत. मंगळुरी कौल उलटं करून पाहा, पाठीवर कारखान्याचं नाव असतं आणि रिपेवर अडकणाऱ्या बोंडाजवळ एक बारीक भोक असतं. ते तारेसाठी असतं. वडील पागोळीकडच्या दोन ओळी, आढ्याजवळची एक आणि दोन्ही कडांची कौलं तारेने रिपेला बांधायचे. लोखंडी तार खाऱ्या हवेत गंजते म्हणून तांब्याची वापरायचे. नंतर माणसं मिळेनाशी झाली, घाईत कौलं नुसती ठेवली जाऊ लागली, आणि वाऱ्याने ती उचलली. पत्र्यांचंही तेच, जे बोल्ट लागतात त्याच्या निम्मेही मारलेले नसतात. छप्पर उडालं ते कौलामुळे नाही, न बांधल्यामुळे. वारा आणि ऊन या दोन्हींना उत्तर देणारं छप्पर बांधता येतं. स्लॅब हवाच असेल तर घाला, वर दोन-तीन फुटांची मोकळी जागा सोडून लोखंडी पाइपच्या सांगाड्यावर बांधलेली कौलं चढवा. स्लॅब वादळात आसरा देईल, कौलं त्याला ऊन लागू देणार नाहीत, मधून वारा जाईल आणि गळतीही थांबेल. लोक गळती थांबवायला गच्चीवर पत्र्याची शेड घालतातच. आमच्या ओळखीच्या दोन घरांना याच शेडपायी बेकायदा बांधकामाची नोटीस आली. घर थंड ठेवणारी सावली कागदावर गुन्हा ठरली.

पांढरा रंग मारा, असंही सुचवलं जातं. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छपरांचं स्वतंत्र धोरण केलं, ते चांगलंच आहे. पण कोकणात पांढरी केलेली गच्ची एका पावसात शेवाळाने काळी होते. दर दिवाळीनंतर घासून पुन्हा चुना मारावा लागतो. आम्ही दोन वर्षं केलं, फरक पडतो, तिसऱ्या वर्षी राहून गेलं. हैदराबादला जे सहज जमतं ते देवगडला जमेलच असं नाही, आणि नियम लिहिणाऱ्याला हे शेवाळ माहीत असायला हवं.

मार्च महिन्यात जिल्ह्याच्या गावी ऊर्जा-कार्यक्षम घरांवर एक कार्यशाळा झाली. मीही गेलो होतो. पडद्यावर जर्मनीतलं 'पॅसिव्ह हाउस' दाखवलं. 1991 साली डार्मस्टाट शहरात बांधलेली पहिली घरं, वर्षाला चौरस मीटरमागे 15 युनिटांपेक्षा जास्त ऊर्जा घर तापवायला लागू नये हा दंडक, भिंतींना जाड लेप, आणि हवा गळू नये म्हणून एकूण एक फट बंद. त्या लोकांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. घर बांधतानाच उष्णतेचा हिशेब मांडायचा आणि बांधून झाल्यावर तो यंत्राने मोजून तपासायचा, ही शिस्त आपण घ्यायलाच हवी. पण ते घर बर्फातल्या माणसाला ऊब धरून ठेवण्यासाठी निघालं. आत ताजी हवा यायला त्याला यंत्र लागतं. श्रावणात आठ दिवस बंद राहिलेल्या खोलीत काय होतं ते कोकणातल्या कुणालाही विचारा. कपड्यांना कुबट वास, भिंतीला बुरशी, कपाटातल्या चपलांवर पांढरी लव. दिवसरात्र एसी चालणाऱ्या हॉटेलला, इस्पितळाला हवाबंद बांधणी लागू करा. आमच्या घराला सावली आणि वारा हवा. परकं नको असं माझं म्हणणं नाही. ज्याला आम्ही आज आपलं कौल म्हणतो ते युरोपातून आलेल्या बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या लोकांनीच 1865 साली मंगळुरात काढलं. ते गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने आलं, आमच्या सुतारांनी त्याला पडवी जोडली, पावसाला हवा तसा उतार दिला, तेव्हा ते आमचं झालं. त्या कार्यशाळेत हे जोडण्याचं काम कुणाकडेच नव्हतं. पडवी हा शब्द दिवसभरात एकदाही ऐकू आला नाही.

पडवीबद्दल एवढंच सांगतो. भिंतीवर ऊन पडूच न देणारी ती जागा आहे. पावसाची झड ती स्वतःवर घेते, घरातला माणूस दुपारी तिथेच बसतो. आजच्या नियमांत ती चटईक्षेत्रात मोजली जाते. म्हणून गिऱ्हाईक मला सांगतं, "पडवी काढा, तेवढ्यात एक खोली बसवा." आणि मी बसवतो.

एक गोष्ट माझ्या विरुद्ध जाणारी, तीही सांगून टाकतो. चिरा अमाप नाही. राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, चिरेखाणींनी केवढे खड्डे पाडले आहेत ते मी रोज येता-जाता पाहतो. त्याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत, 2022 पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. तेव्हा सगळ्यांनी चिराच वापरावा असा हुकूम मला नको आहे. मला कसोटी हवी आहे. घर आतून किती तापतं, हे विचारणारी. ती कुणी चिऱ्याने पार करो, कुणी पोकळ विटेने, कुणी स्लॅबवरच्या दुहेरी छपराने.

मार्च 2019 मध्ये केंद्राने 'इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन' जाहीर केला. 2037-38 पर्यंत गारव्यासाठी लागणारी मागणी 20 ते 25 टक्क्यांनी कमी करायची असं त्यात म्हटलं आहे. ती कमी होणार कुठे? एसीवरचे वीजबचतीचे स्टार वाढवून थोडी होईल. बाकीची आज ओतल्या जाणाऱ्या छपरांत ठरते आहे, आणि ही छपरं 2037 च्या पुढेही उभी राहणार आहेत. ती मी आणि माझ्यासारखे लोक रोज ओततो आहोत.

म्हणून आमच्या मागण्या अशा.

एक, घरकुलासह सर्व सरकारी घरांच्या योजनांत बांधलेलं कौलारू छप्पर पक्कं धरलं जाईल आणि त्यासाठी कुठलाही हप्ता अडवला जाणार नाही, असं स्पष्ट लेखी परिपत्रक पालघर ते सिंधुदुर्ग प्रत्येक पंचायत समितीला पाठवा. ते मराठीत असू द्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

दोन, ऊर्जा संवर्धन कायद्याच्या कलम 15 खाली कोकणासाठी संहितेची स्वतंत्र दुरुस्ती करा. लहान घरांना मोठी गणितं नकोत. एका पानात मावेल एवढंच द्या: छताची मर्यादा, उघडणाऱ्या खिडक्यांचा सहावा हिस्सा समोरासमोरच्या भिंतींत, छज्जा किती खोल, आणि छप्पर वाऱ्याला कसं बांधायचं.

तीन, ही कसोटी आधी स्वतःला लावा. शाळा, अंगणवाड्या, आरोग्य उपकेंद्रं, तलाठी कार्यालयं सरकारच बांधतं. सार्वजनिक बांधकाम खात्याची जुनी विश्रामगृहं बघा, उंच उतरतं छप्पर, चारी बाजूंनी व्हरांडा. तुमच्याच खात्याला हे एके काळी येत होतं. आज प्राथमिक शाळेचा वर्ग उघड्या स्लॅबखाली भरतो आणि मार्चमध्ये सकाळची शाळा करावी लागते.

चार, पडवी, ओटी, खोल छज्जा आणि स्लॅबवरचं सावलीचं छप्पर यांना चटईक्षेत्रातून सूट द्या. बाजू बंद करून कुणी खोली केली तर जरूर कारवाई करा.

पाच, घरकुलात छपरासाठी वेगळी रक्कम द्या, किंवा सौर संचाच्या अनुदानासोबत सावलीच्या छपराचाही पर्याय ठेवा.

सहा, ग्रामीण गवंडी प्रशिक्षण 45 दिवसांचं आहे. कोकणात त्यातले काही दिवस कौलारू छपराच्या सुतारकामाला आणि बांधणीला द्या. आयटीआयमध्ये हे काम शिकवा. माझ्या वडिलांबरोबर काम केलेले दोनच कारागीर आमच्या पंचक्रोशीत उरले आहेत. एकाला आता शिडी चढवत नाही, पण खाली बसून तो शिकवू शकतो. विचारलं तर तयार आहे.

सात, हे नियम लिहिणारी जी समिती कराल तिने मसुदा करण्यापूर्वी एप्रिल-मे मध्ये इथे येऊन चार रात्री राहावं. दोन स्लॅबखाली, दोन कौलांखाली. राहण्याची सोय आम्ही करू.

घरकुलासाठी चिरा-कौलांचे आणि दुहेरी छपराचे मिळून पाच नमुना नकाशे माझ्याकडे अंदाजपत्रकासह तयार आहेत. ते शासनाला विनामोबदला देतो, त्यावर माझं नावही नको.

यांतल्या पहिल्या मागणीला पैसा लागत नाही, कायदाही बदलावा लागत नाही, फक्त एक सही लागते. वहिनींची कौलं अजून फणसाखाली रचलेली आहेत. तुमचं पत्र मृगाच्या आत पंचायत समितीत पोचलं तर पत्रे उतरवून ती चढवायला आम्हाला तीन दिवस पुरतील. तार मी आणून ठेवली आहे.

आपला,
राजापूर तालुक्यातला एक नकाशे काढणारा